खालचे तीन मिलिमीटर

विलास,

तेराव्याला मी खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो. पण आपल्या धंद्यात ड्रॉइंगवर चुकीचं माप लिहिलं काय आणि माप लिहायचंच राहिलं काय, पीस भंगारातच जातो, हे तुला सांगायला नको.

कळसला, तुझ्या गावी, दारात मांडव होता. पंगत बसायच्या आधी आपले मालक उभे राहिले आणि चार शब्द बोलले. "विलासरावांसारखा टर्नर बारामतीच्या एमआयडीसीत दुसरा नाही," असं म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मग ते माझ्याकडे वळले. "आमच्या सेंट्रिफ्यूजचं बेअरिंग आज अकरा वर्षं पुण्याला जातंय. डोकं यांचं, हात विलासरावांचा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बघणाऱ्यांना ते दुःख वाटलं असेल. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. तू गेल्याच्या तेराव्या दिवशी, तुझ्याच दारात, तुझ्यापेक्षा मला वरचा ठरवला म्हणून बरं वाटलं. मग पंगत बसली आणि मी व्यवस्थित जेवलो.

आज एकोणिसावा दिवस आहे. या सहा दिवसांत काय झालं ते तुला सांगायचंय. काही गोष्टी तुला माहीत आहेत, तरी पुन्हा सांगतो. कारण हे इतरही वाचतील, आणि आपलं भांडण नक्की कशावरून होतं ते त्यांनाही कळलं पाहिजे.

आपण दोघं एकाच वर्षी कामाला लागलो. माझे वडील माळेगावला साखर कारखान्यात. मी डिप्लोमा करून ड्रॉइंगच्या टेबलावर बसलो. तू इंदापूरहून आयटीआय केलेलास, लेथवर, धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, उभा राहिलास. सकाळी रानातली भेंडी तोडून, गाडीला पिशवी अडकवून कळसहून यायचास. पिशवी सगळ्यांत वाटायचास. तू आत आलास की वर्कशॉपमधले पाचसहा जण आपोआप तुझ्या मशीनभोवती गोळा व्हायचे. मी आलो की ते आपापल्या मशीनवर जायचे. माझ्याकडे वाटायला फक्त आकडे होते.

पहिल्याच आठवड्यात मी तुझा एक शाफ्ट, यंत्रात फिरणारा दांडा, परत पाठवला. दोन मायक्रॉन जास्त होता, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तू तो हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आलास.

"दोन मायक्रॉन? आरं, नुसता गंज धरला तरी दोन मायक्रॉननं वाढंल की त्यो!"

"वाढायच्या आधी बरोबर असला पाहिजे," मी म्हणालो.

"बरं मायक्रॉनराव, तुमी म्हनशीला तसं," असं म्हणून तू वाकून नमस्कार केलास. सगळे हसले. तेव्हापासून मी मायक्रॉनराव. घरची माणसं सोडली तर बारामतीत मला खऱ्या नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नाही.

पण शाफ्ट तू दुरुस्त करून दिलास. आणि देताना अंगठ्यानं चोळत म्हणालास, "ह्यो मधी जरा फुगलाय, त्ये बी काढलंय." मी मायक्रोमीटर लावला नव्हता अशा जागेबद्दल तू बोलत होतास. मी तुझा आधीचा दुसरा शाफ्ट घेऊन मुद्दाम मधोमध मोजला. फुगवटा तीन मायक्रॉन होता. तू चुकला असशील या आशेनं मी तीनदा मोजलं. माणसाच्या केसाची जाडी साठसत्तर मायक्रॉन असते आणि या माणसाच्या अंगठ्याला तीन कळतात, हे मला सहन होईना.

हे तुला कधीच सांगितलं नाही : पुढचे सहा महिने मी चोरून सराव केला. दुपारच्या सुट्टीत शाफ्टवरून अंगठा फिरवायचा, अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचं. साठ शाफ्टांपैकी अकरा अंदाज बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी जास्त आले असते. ती वही अजून आहे.

मग ते सेंट्रिफ्यूजचं काम आलं. रक्त तपासणीच्या लॅबमधलं छोटं यंत्र, आठ नळ्या गरगर फिरवून रक्तातला पातळ भाग वेगळा करणारं. पुण्याच्या कंपनीला बॉल बेअरिंगचा आवाज नको होता. करंगळीएवढा, बारा मिलिमीटरचा उभा शाफ्ट, भोवती गनमेटलचा बुश, म्हणजे त्याला धरणारी नळी, आणि दोघांच्या मध्ये बारा मायक्रॉनच्या फटीत तेल. मिनिटाला चार हजार फेरे. कागदावर सोपं. पण उभ्या शाफ्टचं वजन कुठल्याच बाजूला पडत नाही, त्यामुळे तेलाला त्याला धरून ठेवता येत नाही. तो बुशातल्या बुशात घिरट्या घालायला लागायचा आणि अख्खं यंत्र घुमायचं. वर तेल गळायचं ते वेगळंच.

उपाय मी शोधला. हे मी आजही म्हणेन. उथळ तिरक्या खाचा, दोन्ही बाजूंनी मध्याकडे येणाऱ्या, माशाच्या काट्यासारख्या. यंत्र फिरलं की त्या खाचा तेलाला दोन्ही टोकांकडून मध्याकडे ढकलतात, तिथं दाब तयार होतो आणि तो दाब शाफ्टला मधोमध धरून ठेवतो. खाचेची खोली, रुंदी, कोन, संख्या, सगळं मी हातानं गणित करून काढलं. बेचाळीस पानं भरली.

आता पंधरा मायक्रॉन खोल खाच पाडायची कशी? लेथवर ती पडत नाही. मी ग्राइंडिंगवाल्यांना फोन करत बसलो होतो. तू गेलास बारामतीच्या त्या रेडियमवाल्याकडे, जो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' कापून देतो. त्याच्या मशीनवर माझ्या खाचांचा स्टिकर कापायचा, तो शाफ्टवर डकवायचा आणि शाफ्ट नेमप्लेट कोरायच्या द्रावणात बुडवायचा. स्टिकर नाही तिथं पोलाद खाल्लं जाणार. रेडियमवाल्यानं आकृती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ह्ये कुठल्या देवाचं चिन्ह हाय?"

"मायक्रॉनरावाच्या," तू म्हणालास. "लई कडक देव हाय. जरा चुकलं की परत पाठवतो."

आणि चुकलो मीच. खाचा मी आधी बुशाच्या आत काढल्या होत्या. बुशात स्टिकर डकवता येत नाही, म्हणून तू म्हणालास शाफ्टवर पाडू. मी हो म्हटलं आणि तीच आकृती दिली. पण खाचा स्थिर भागावरून फिरणाऱ्या भागावर नेल्या की त्यांची टोकं उलट्या दिशेला करावी लागतात, नाहीतर त्या तेल आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतात. बेचाळीस पानांत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मालक पांढरा शर्ट घालून ट्रायल बघायला उभे होते. बटण दाबलं. तीन सेकंदांत त्यांच्या पोटापासून खांद्यापर्यंत तेलाच्या ठिपक्यांची सरळ रेघ उमटली.

"मायक्रॉनराव," तू हळूच म्हणालास, "ह्यी तर थुकती."

मालक ओरडले, "कुणी केला हा घोळ?"

मी हातातल्या कागदाकडे बघत होतो. चूक कुठं आहे ते मला अजून दिसलं नव्हतं. पण माझी आहे हे कळलं होतं. आणि तू म्हणालास, "माझा. स्टिकर उलटा डकवला मी."

अर्ध्या तासानं मला चूक सापडली. तुझ्या लेथपाशी आलो तर तू दुसऱ्या शाफ्टवर स्टिकर खरंच उलटा करून डकवत होतास. म्हणजे तुला आधीच कळलं होतं. मी विचारलं, "तुला दिशा कशी कळली?"

"नांगराचा फाळ उलटा लावला तर माती कुठं जाईल? त्येच की."

मी आभार मानायला आलो होतो. ते राहिलंच. कारण त्या क्षणी मला उपकारापेक्षा राग मोठा वाटला. मी ज्यासाठी तक्ते मांडले असते ते तुला तुझ्या रानानं फुकट शिकवलं होतं. नंतरच्या अकरा वर्षांतही ते आभार राहिले. विलास, तू माझी चूक अंगावर घेतलीस. आभारी आहे. उशीर झाला, पण नोंद असावी.

दुसऱ्या शाफ्टनं तेल फेकलं नाही. घुमणंही बंद. दोन दिवस ते न थांबवता चालवलं आणि मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू करताना ते चिरकलं. एकच सेकंद, पण दाराच्या फटीत सापडलेल्या मांजरासारखं. मग गप्प. थांबवून मिनिटाभरानं लावलं की पुन्हा चिरकायचं. मी तेल बदललं. तीन प्रकारची तेलं झाली. तू माझ्यामागं येऊन उभा राहिलास.

"तेलाचं न्हाय त्ये. सरीचं तोंड उघडं हाय."

"कसली सरी?"

"उसाला पाणी देताना सरीचं खालचं तोंड बांधून घेतो ना आमी? न्हाईतर पाणी वाहून जातं, ऊस तहानलेलाच. तुज्या खाचा खाली कडंपर्यंत गेल्यात. मशीन थांबली की तेल त्यातनं खाली उतरतंय. खालचं जरा कोरं ठिव. तीन मिलिमीटर."

मी गणित केलं. खाली तीन मिलिमीटर कोरे ठेवले तर शाफ्ट धरून ठेवायची ताकद चौदा टक्के घटत होती. मी म्हणालो, नाही.

"घटू दे की."

"चौदा टक्के, विलास! मी कोन अर्ध्या अंशानं बदलून दोन टक्के मिळवलेत."

"आरं, तू ती फिरताना मोजतूस. लॅबमदी ती दिवसातनं चाळीस येळा थांबती. थांबल्यावर तुजं गणित कुठं असतं?"

मी आणखी ठामपणे नाही म्हणालो. आठ दिवस आपण जेवणाच्या सुट्टीत वेगवेगळे बसलो. नवव्या दिवशी तू मला न विचारता घरून वहिनींची नेलपॉलिशची बाटली आणलीस, स्टिकर डकवलेल्या शाफ्टचे खालचे तीन मिलिमीटर लालभडक रंगवलेस आणि द्रावणात सोडलास. रंगाखालचं पोलाद कोरं राहिलं. संध्याकाळी तू यंत्र लावलंस. चिरकलं नाही. थांबवलं, लावलं. मी मोजत होतो. चाळीस वेळा. एकदाही नाही.

तू जिंकल्यासारखं काही बोलला नाहीस. "चला, भिगवणला मासं खाऊ," म्हणालास. आपण गेलो, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलो, तू चार जणांचं जेवलास, घरी न्यायला मासे बांधून घेतलेस आणि तिथूनच कळसला गेलास. मी बारामतीला परत येताना सगळा रस्ता एकच विचार करत होतो. हे मला का सुचलं नाही?

दुसऱ्या दिवशी मी शेवटचं ड्रॉइंग काढलं. कोपऱ्यातल्या चौकटीत तीन ओळी असतात. डिझाईन कुणाचं, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. तेव्हा मनाशी हिशेब असा मांडला होता की बेचाळीस पानं माझी, तीन मिलिमीटर तुझे, म्हणजे तुझा वाटा किरकोळ. मी अपूर्णांक कधी सोडत नाही. तो एक सोडला. त्या तीन मिलिमीटरांशिवाय माझी बेचाळीस पानं रोज सकाळी चिरकत होती, हे मला माहीत होतं.

पुण्याच्या लोकांनी विचारलं, खाली कोरा पट्टा ठेवायचं कसं सुचलं? मी म्हणालो, "यंत्र वारंवार थांबतं, त्याचा विचार केला." ते खूश झाले. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. तू तेव्हा इथं, लेथवर होतास.

ड्रॉइंगची प्रत तुझ्या मशीनवर लागली. तू बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होतास. मी लांबून बघत होतो. मग तू म्हणालास, "सही झ्याक करतूस, राव." आणि शाफ्ट लेथच्या चकमध्ये लावलास. तो टोमणा होता की नुसतंच बोलणं होतं? अकरा वर्षं मी ते वाक्य तपासतोय. तुझ्या चेहऱ्यावरून मला कधी काही मोजता आलं नाही.

तुला वाटेल, हा एवढं जपून का ठेवतोय. ऐक. मागच्या वर्षी आमच्या घरचा मिक्सर आवाज करायला लागला. मी बुश काढून मोजला, फट किती वाढली ते लिहिलं, नवा बुश कोणत्या मापाचा हवा ते काढलं. दोन संध्याकाळी गेल्या. बायको मला म्हणाली, "अहो, विलासभावजींना विचारा ना एकदा." मी म्हणालो, मी याच कामाचा पगार घेतो. ती म्हणाली, "हो, पण त्यांना विचारा." तू आलास, मिक्सर कानाला लावलास, बुश फिरवून पुन्हा बसवलास, एक थेंब तेल सोडलंस, दोन कप चहा प्यायलास. तो मिक्सर अजून चालू आहे. रोज सकाळी चटणी वाटताना तो नीट चालतो आणि रोज सकाळी मला तुझा राग येतो. तू गेल्यावरही आला. आधी राग, मग बाकीचं.

आता शेवटचं भांडण. पुण्याच्या कंपनीला मोठं यंत्र हवंय. शाफ्ट वीस मिलिमीटरचा. मी म्हणालो, शाफ्ट वाढला त्या प्रमाणात कोरा पट्टाही वाढवू, पाच मिलिमीटर. तू म्हणालास, तीनच.

"प्रमाण असतं, विलास."

"पाण्याला सरी किती मोठी हाय ते कळत न्हाय. तोंड बांधलंय का उघडं हाय, येवढंच कळतं. उगं दोन मिलिमीटर खाचा कशाला वाया घालवतूस?"

"सोमवारी आकडे दाखवतो तुला."

"आन की. मी कुठं पळून चाललोय?"

तो शुक्रवार होता. रविवारी तू गेलास.

तेराव्याहून परत आल्यावर मी दुसऱ्या दिवशी दोन शाफ्ट करायला घेतले, एक पाचचा, एक तीनचा. तुझ्या लेथवर नवा माणूस आहे, चांगला आहे, मोजून काम करतो, माझ्यासारखा. आणि विलास, हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. यंत्र लावताना मी मनातून पाचची बाजू घेत होतो. तू गेल्यावर तरी एकदा मी बरोबर ठरावं, असं मला वाटत होतं. प्रत्येक शाफ्ट चाळीस वेळा थांबवला, चाळीस वेळा लावला. तेल दोघांनीही धरलं. चिरकलं कुणीच नाही. पण पाचचा शाफ्ट वेगात किंचित घुमत होता, तीनचा घुमत नव्हता. खाचा जितक्या लांब तितकी पकड जास्त. हे तर माझंच जुनं म्हणणं होतं. तू माझ्याच बाजूनं मला हरवलंस. मी पुन्हा चाळीस वेळा चालवलं. आकडे तेच आले.

मी यंत्र बंद केलं आणि गाडी काढून कळसला गेलो.

वहिनी ओसरीवर भेंडी निवडत होत्या. रानातलं काम थांबत नाही. "बसा भाऊ, च्या ठिवते," म्हणाल्या. मी म्हणालो, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. यंत्र चिरकायचं ते, सरीचं तोंड, त्यांची नेलपॉलिश, ड्रॉइंगवरचं माझं नाव, तेराव्याला मालक बोलले ते आणि मी गप्प बसलो ते. त्या चिडतील, रडतील, किंवा म्हणतील की तू हे मनाला लावून घ्यायचास. यातल्या प्रत्येकाची मी तयारी करून गेलो होतो.

वहिनींनी थोडा विचार केला. "त्ये बाटली घिऊन गेल्यालं आठवतंय. मी लई भांडले हुते. नवी बाटली हुती." मग म्हणाल्या, "त्या दिवशी मासं आनलं हुतं त्यांनी भिगवनचं. लई खुशीत हुतं."

"काय म्हणाला तो? यंत्राबद्दल?"

"म्हनलं, आज मायक्रॉनरावाची मशीन फिरली."

"आणखी?"

"आनखी काय? जेवलं, झोपलं."

एवढंच. विलास, तू घरी सांगितलंच नव्हतंस. मोठ्या मनानं लपवलंस असंही नाही, तसं असतं तर मला ते सोसलं असतं. तुला ते सांगण्याइतकं वाटलंच नव्हतं. जे मी अकरा वर्षं छातीशी धरून बसलो, तुझ्यापासून लपवत, तुझ्याकडून कधी मागितलं जाईल म्हणून घाबरत, ते तू त्याच संध्याकाळी भिगवणला टाकून मासे घेऊन घरी गेला होतास. तुझ्या लेखी ती माझी मशीन होती. ओसरीवर बसून मला तुझा जितका हेवा वाटला तितका तू जिवंत असताना कधी वाटला नव्हता. तुझ्या हाताचा वाटायचा, त्या दिवशी तुझ्या झोपेचा वाटला.

वहिनींनी विचारलं, "मग आता काय करनार?"

"ड्रॉइंगवर त्याचं नाव लिहिणार. जुन्या आणि नव्या, दोन्ही."

"त्येनं काय हुतं?"

"काही होत नाही. पैसे नाही, काही नाही. फक्त बरोबर होतं."

"लिवा की मग." त्यांनी एक किडकी भेंडी बाजूला टाकली. "नाव लिवायला येवढा येळ लागतो व्हय भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला? गेलेल्या माणसाचं नाव ड्रॉइंगवर कसं घालायचं? तुमचं मन मोठं आहे, पण राहू दे." मी म्हणालो, माझं मन मोठं नाही, माप चुकलंय. तेराव्याला तुम्ही बोललात ते चूक होतं आणि मला ते माहीत होतं. त्यांनी जुनं ड्रॉइंग माझ्यापुढं सरकवलं. मग वर्कशॉपमध्ये मशीन थांबवून सगळ्यांसमोर मी हेच पुन्हा सांगितलं. जुना फिटर तेवढा म्हणाला, "आमाला वाटलंच हुतं." त्याचंही मला लागलं.

डिझाईनच्या ओळीत तुझं नाव घातलं. माझं नाव तपासलं या ओळीत. खाचांचं गणित माझं आहे, ते मी टिपेत वेगळं लिहिलंय. माझं तेही सोडणार नाही. कोरा पट्टा तीन मिलिमीटर. ड्रॉइंग पुण्याला पाठवलं.

आज सकाळी पुण्याहून फोन आला. कुणी नवीन इंजिनीयर मुलगी होती.

"सर, ड्रॉइंग मिळालं. शाफ्ट वीसचा झाला तरी खालचा कोरा पट्टा तीनच मिलिमीटर का, एवढं समजून घ्यायचं होतं. डिझाईनला विलास असं नाव दिसतंय. त्यांना फोन देता का जरा?"

अकरा वर्षांत पुण्याहून आलेला प्रत्येक फोन माझ्यासाठी होता. मी समोर असताना ही तुला विचारतेय. "ते लेथवर आहेत, कामात आहेत, मलाच विचारा," असं अगदी ओठांवर आलं, आणि मी मान वळवून खरंच तुझ्या लेथकडे पाहिलं.

खोटं लिहीत नाही, विलास. आधी हेवा वाटला. तू नाहीस हे नंतर आठवलं.

"सर? आहेत का ते?"

"नाहीत," मी म्हणालो. "वारले ते. एकोणीस दिवस झाले."

ती गडबडली. सॉरी म्हणाली. मग तिनं विचारलं, "मग हे मी कुणाला विचारू, सर?"

"मला विचारा," मी म्हणालो. "त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मला पटायला फार वेळ लागला. तुम्हाला लागणार नाही."